पहिल्या घावाचा मान

अपघात नेहमी दुसऱ्याच्या घरी होतात, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

मी विमा एजंट आहे. झाशीत खंडेराव गेटच्या आत आमची गल्ली आहे आणि त्या गल्लीत माणूस, दुकान, स्कूटर, म्हैस असं जे जे म्हणून हलतं किंवा बंद पडतं, त्याचा विमा मी उतरवलेला आहे. फक्त आमच्या स्वतःच्या घराचा विमा तेवढा नव्हता. सुलभा दरवर्षी विचारायची, "अहो, लोकांना सांगत फिरता, मग आपल्या घराचं काय?" आणि मी दरवर्षी छातीवर हात ठेवून म्हणायचो, "आपल्या घराला काय होतंय? मी आहे ना!"

(हे वाक्य लक्षात ठेवा. सुलभाने ठेवलंय.)

मागच्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या सुमारास आमच्याकडे रामचरण आला. रामचरण म्हणजे आमच्या घरचा मिस्त्री. नळ, टाइल्स, गिलावा, गळकं छप्पर, सगळं एकटा करतो. माझे वडील होते तेव्हापासून येतोय. एरवी तो आला की आधी स्वयंपाकघराच्या दारातून "भाभीजी, चाय!" अशी आरोळी ठोकतो आणि मग नमस्कार करतो. त्या दिवशी गप्प येऊन बसला.

"भाऊसाहब, एक बात बताओ. मिस्त्री को भी बीमा होत है का?"

मी ताडकन उठून उभा राहिलो. बावीस वर्षांत गिऱ्हाईक आपणहून चालत आलं, असा हा पहिलाच प्रसंग!

हकिकत अशी होती. कानपूर रस्त्यावर एक नवी कॉलनी झालीय. तिथल्या सगळ्या फ्लॅटांच्या नळदुरुस्तीचं वर्षभराचं काम रामचरणला मिळण्यासारखं होतं. उन्हातान्हात घरोघर हिंडण्याचे त्याचे दिवस संपले असते. पण कॉलनीच्या सेक्रेटरी होत्या सक्सेना मॅडम, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आधीच्या प्लंबरने तिसऱ्या मजल्यावरून कोणाच्या तरी गाडीवर पाना टाकला होता. तेव्हापासून मॅडमनी नियमच केला होता, की विम्याचा कागद नसेल तर गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही.

"होता है, रामचरन, होता है!" मी म्हणालो. "बढ़िया बीमा होता है. समझो, तुम किसी के घर काम कर रहे हो. तुम्हारे हाथ से हथौड़ा छूटा, सीधा उनके टीवी पर. अब?"

"हमाए हाथ से हथौड़ा काए छूटेगो?"

"अरे, मान लो छूटा."

"काए मान लें?"

"अच्छा, हथौड़ा छोड़ो. मान लो, पाइप फूट गया."

"भाऊसाहब," रामचरण दुखावल्या आवाजात म्हणाला, "तीस साल में एक पाइप नईं फूटो."

विमा विकण्यात ही मोठीच अडचण आहे. गबाळ्या माणसाला विमा परवडत नाही आणि चोख कारागिराला तो आपला अपमान वाटतो. शेवटी मी त्याला समजावलं, की हा कागद तुझ्या हातावर संशय म्हणून नाही, गिऱ्हाइकाची झोप शांत व्हावी म्हणून आहे. तुझ्या हातून किंवा तुझ्या माणसाच्या हातून काम करताना दुसऱ्याचं नुकसान झालं, तर कंपनी भरून देईल. सक्सेना मॅडम खूश, तू खूश आणि (हे मनात) मीही खूश.

फॉर्म काढला. रामचरणने हात पुढे केला. "लाओ, हम भर दें. हमाई लिखावट अच्छी है."

"रहने दो, फॉर्म बिगड़ जाएगा," मी म्हणालो. लेखणी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा माझा धंद्यातला पहिला नियम. मी भराभर रकाने भरले. नाव, वय, कामाचा प्रकार. मग आला नववा रकाना. कामाच्या जागी आग, वीज, उंची यांखेरीज अन्य काही विशेष धोका आहे का? असल्यास तपशील द्या.

"कछू नईं," रामचरण म्हणाला.

'कोई नहीं,' मी लिहिलं. खाली 'उपरोक्त जानकारी मेरे समक्ष भरी गई एवं सत्य है' या ओळीपुढे एजंट म्हणून झोकात सही केली आणि आठवड्याभरात कागद त्याच्या हातात ठेवला.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण थांबणं हा आमच्या घराण्याचा गुण नाही! मी थेट सक्सेना मॅडमना फोन लावला. "मैडम, बीमा तो हो गया, अब काम भी देख लीजिए. इतवार को रामचरन मेरे यहाँ बाथरूम में नया नल लगा रहा है. चार बजे आइए. हाथ कंगन को आरसी क्या!"

"देखती हूँ," मॅडम म्हणाल्या. त्या 'देखती हूँ'मध्ये तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्याचा आवाज होता.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी.

आमचे पूर्वज मराठ्यांबरोबर झाशीला आले ते भिक्षुकी करायला. कोणाचंही घर उभं राहायचं असलं, की पायाभरणीची पूजा सांगून पहिली कुदळ मारायची, हा मान आमच्याकडे होता, असं वडील सांगत. (पुरावा विचारला की ते झोपायला जात.) पुढे भिक्षुकी गेली. इनाम गेलं. आमच्या मुलीला, मुक्ताला, मराठी पूर्ण कळतं, पण उत्तर ती हिंदीतच देते, म्हणजे निम्मी मराठीही गेली. पण कुदळ राहिली! आमच्या घरात आजही कुठलंही काम निघालं, की पहिला घाव घरातल्या कर्त्या पुरुषाने घालायचा. त्याआधी हत्याराला हळदकुंकू वाहायचं. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी पहिला ठोका माझा. एसी बसवायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा पहिला स्क्रू मीच फिरवला होता. (तो स्क्रू अजून सापडलेला नाही. एसी उरलेल्या तीन स्क्रूंवर छान चाललाय.)

वडील असताना रामचरण हे सगळं कौतुकाने बघायचा. वडील हातोडी नुसती टेकवायचे, 'टुक' असा आवाज व्हायचा आणि ते बाजूला व्हायचे. मी मात्र आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत वीस वर्षं राजाची कामं केलेला माणूस. मला 'टुक' कसं पुरणार?

रविवारी साडेतीनला मी तयार झालो. धोतर, सदरा आणि नाटकातला जरीकाठी शेला. सुलभाने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"नळ बसवायचाय की राज्याभिषेक आहे?"

"मॅडम यायच्यात. घराण्याची रीत त्यांना दिसली पाहिजे."

"त्या चारला येणारेत. त्या आल्यावर करा की."

"मुहूर्त तीन चाळीसचा आहे. मुक्ता व्हिडिओ काढेल, मॅडमना मग दाखवू."

मुक्ता मोबाइल घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहिली. मी छिन्नी-हातोडीला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि स्वतःच्या कपाळावरही ठसठशीत गंध रेखलं. रामचरणने भिंतीवर खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेन्सिलीने फुली करून ठेवली होती. "इतै मारियो, भाऊसाहब. बस, धीरे से."

मी फुलीकडे पाहिलं. तिथे घाव घालायचा तर उकिडवं बसावं लागलं असतं आणि व्हिडिओत माझं फक्त बूड आलं असतं. मी सरळ उभा राहिलो आणि छिन्नी छातीच्या उंचीवर टेकवली. प्रकाश तिथे चांगला होता!

"भाऊसाहब, उतै नईं," रामचरण म्हणाला.

मी शेला सावरला. कॅमेऱ्याकडे वळून पूर्वजांना, वास्तुपुरुषाला आणि झाशीच्या समस्त जनतेला उद्देशून चार वाक्यं म्हटली.

"भाऊसाहब, उतै नईं! उतै पाइप है!"

"रामचरन, शुभ काम में टोकते नहीं!"

"अरे पाइप है, भाऊसाहब, पाइप..."

मी हातोडी उगारली आणि घातला घाव! वडिलांनी घर भक्कम बांधलं होतं. पाइप तेवढा मऊ होता.

पहिल्या क्षणी काहीच झालं नाही. दुसऱ्या क्षणी भिंतीतून मनगटाएवढी जाड धार निघाली आणि थेट माझ्या छातीवर आदळली. गच्चीवरची टाकी सुलभाने सकाळीच काठोकाठ भरून ठेवली होती. (पाहुणे येणार म्हणून!)

"ऊपर का वॉल!" असं ओरडत रामचरण जिन्याकडे पळाला. टाकीचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद केला की संपलं, एवढी साधी गोष्ट होती. पण दिवाळीत हौसेने गच्ची रंगवताना मी त्या वॉललाही चंदेरी रंगाचे दोन हात मारले होते. रंग वाळून वॉल असा घट्ट बसला होता, की रामचरणला पाना घेऊन त्याच्याशी कुस्ती करावी लागली.

इकडे मी आघाडी सांभाळली. आधी भोकावर तळहात ठेवला. धार चारी बोटांच्या फटींतून चार दिशांना उडू लागली. मग शेल्याचा बोळा कोंबला. शेला पाण्याने बाहेर फेकला. शेवटी मी भोकाला पाठ लावून, हात पसरून भिंतीला चिकटून उभा राहिलो.

"अहो, बाजूला व्हा!" सुलभा ओरडली. "बादली लावू दे!"

"बाजूला झालो तर पाणी येईल!"

"आत्ता काय येतंय मग? सरबत?"

पाणी माझ्या धोतरातून वाहत उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत गेलं. तिथे जमिनीला एक जुनं भोक होतं, पूर्वी खालच्या दुकानाची वायर नेण्यासाठी पाडलेलं. पाण्याला ते भोक सापडायला जेमतेम मिनिट लागलं.

खाली आमच्या भाडेकरूचं, मुन्नालालचं, रजयांचं दुकान आहे. आणि त्या दिवशी, बरोब्बर त्या भोकाखाली, एका लग्नघरच्या अकरा नव्या लाल साटिनच्या रजया एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"भाऊसाहब!" खालून आरोळी आली. "ऊपर का हो रओ? रजाई पे पानी गिर रओ!"

कापूस ही काय चीज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. कोरडी रजई एका हाताने झटकता येते. भिजलेली रजई उचलायला चार माणसं लागतात आणि चौघंही मध्येच ती खाली ठेवून आपापल्या देवाचं नाव घेतात.

आणि बरोब्बर चार वाजता सक्सेना मॅडम आल्या. मुख्याध्यापिका! एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही.

त्या अंगणात आल्या तेव्हाचं चित्र असं होतं. जिन्यावरून पाणी पायरी पायरीने उतरत होतं. मुन्नालाल ओल्या रजईला कवटाळून उभा होता. वॉल एकदाचा बंद करून, हातात पाना घेऊन, नखशिखांत भिजलेला रामचरण जिन्यावरून खाली येत होता. आणि त्याच्या मागे धोतर पिळत मी! कपाळावरचं गंध ओघळून हनुवटीपर्यंत आलेलं.

"रामचरन ने दुकान डुबो दी!" मुन्नालाल मॅडमना बघून ओरडला. त्या कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. कोणीतरी मोठं माणूस आलंय, एवढं त्याला पुरे होतं. "हाथ में औज़ार देख लो! सादी की रजाइयाँ थीं, मैडम!"

मॅडमनी रामचरणकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"टेंभेकर जी, यही काम दिखाने बुलाया था?"

आता तुम्ही म्हणाल, इथे फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'घाव मी घातला.' तीन शब्द! वीस वर्षं रंगमंचावर पानंच्या पानं घडाघडा म्हटलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. रामचरणही माझ्याकडेच बघत होता. मी घसा साफ केला. छाती पुढे काढली. आणि म्हणालो,

"मैडम, चाय लेंगी?"

मॅडमनी चहा घेतला नाही. "सर्वेयर आएगा ना? वह जो लिखेगा, उसी पर कॉलनी का फ़ैसला होगा," एवढंच म्हणून त्या गेल्या.

रामचरणने संध्याकाळपर्यंत पाइप जोडला, भिंत लिंपली, नवा नळही बसवला. (तो खाली, फुलीच्या जागी. आजतागायत एक थेंब गळत नाही.) सुलभाने चहा पुढे केला, तर म्हणाला, "आज नईं, भाभीजी." तीस वर्षांत आमच्या घरचा चहा तो पहिल्यांदा नाही म्हणाला होता.

जेवायला मुगाची खिचडी होती. वाढता वाढता सुलभा म्हणाली, "घ्या. दुपारपासून मूग गिळूनच बसलायत, हेही गिळा."

मी विषय बदलायला मुक्ताकडे वळलो. "तो व्हिडिओ..."

"मस्त आया है, पापा! परिवार वाले ग्रुप पे डाल दिया."

मी हातातला घास ताटात टाकला. "आधी काढ! आत्ताच्या आत्ता काढ!"

"ओके, हटा दिया. रिलैक्स, पापा."

मी निश्चिंत झालो. (ग्वाल्हेरच्या आत्याला कानाने कमी ऐकू येतं, पण पुढे पाठवायच्या बटणावरचा तिचा अंगठा अजून तरणाताठा आहे, हे मी साफ विसरलो होतो.)

तीन दिवस अकरा रजया आमच्या गच्चीच्या कठड्यावर वाळत होत्या. खालून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा आणि मुन्नालाल प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचा, दर वेळी थोडं जास्त पाणी घालून. तिसऱ्या दिवशी बातमी मानिक चौकात पोचली आणि तिथल्या एका शेठजींनी रामचरणला निरोप धाडला, "अभी रहने दो." मग दुसऱ्या एकाने. रामचरणचा सगळा धंदा तोंडी कीर्तीवर. त्याच्या दुकानाला पाटी नाही, कारण दुकानच नाही! लोकांनी नाव घेतलं तर काम, नाही तर सायकल घेऊन घरी.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात एक हिशेबी किडा वळवळत होता. घाव रामचरणने घातला असं ठरलं, तर कंपनी मुन्नालालला भरपाई देईल. मुन्नालाल खूश. माझ्या खिशाला आणि घराण्याच्या मानाला धक्का नाही. फक्त एका रामचरणचं कॉलनीचं काम जाईल, आणि ते काय, मी दुसरं बघून देईन! हे मी सुलभाला दोनदा पटवून दिलं. दोन्ही वेळा ती कणीक तिंबत राहिली. कणकेचे हाल बघवत नव्हते.

गुरुवारी नुकसान तपासायला विमा कंपनीचे सर्वेयर मिश्राजी आले. बारीक अंगाचे, थकल्या चेहऱ्याचे, हातात फाइल. बाहेरच्या खोलीत सगळे बसले. मुन्नालाल एक रजई पुरावा म्हणून मांडीवर घेऊन आला होता. रामचरण दाराशी स्टुलावर बसला होता, स्वच्छ धुतलेला शर्ट घालून. आणि सक्सेना मॅडमही आल्या होत्या. "मैं अपने कान से सुनूँगी," म्हणे.

मिश्राजींनी भिंत पाहिली, भोक पाहिलं, रजई दाबून पाहिली. मग फाइल उघडून विचारलं, "तो चोट किसने मारी थी? किसके हाथ से?"

मी उत्तर द्यायच्या आत रामचरण स्टुलावरून उठला.

"हमाए हाथ से, साहब."

रामचरणने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे बघत होता. याच घरात, त्यांच्या देखत, त्याने आयुष्यातला पहिला नळ बसवला होता. आणि तीस वर्षांत एकही पाइप न फुटलेला तो माणूस आमच्या घराण्याच्या अब्रूखातर एक फुटका पाइप स्वतःच्या नावावर लिहून घ्यायला निघाला होता.

मिश्राजींनी पेनचं टोपण काढलं.

मला ते बघवलं नाही. मी उभा राहिलो. आधी खांद्यावर शेला नाही हे लक्षात आलं, तरी हात तसाच फिरवला. "ठहरिए!" मी गरजलो. "मिश्राजी, क़लम रोकिए! यह निर्दोष है! वह हथौड़ा, वह छिन्नी, वह प्रहार, सब इस हाथ का था. इस अभागे टेंभेकर के हाथ का! अपने पुरखों की झूठी शान के लिए मैंने एक सच्चे कारीगर की बरसों की कमाई इज़्ज़त पर पानी फेर दिया. लिखिए! जो लिखना है, मेरे नाम पर लिखिए!"

शेवटच्या वाक्याला आवाज फुटला. मंडळात असतो तर टाळ्या पडल्या असत्या. मी डोळे मिटून क्षणभर थांबलो. हुंदके, निदान एखादं 'अरे बाप रे', असं काहीतरी येईल म्हणून.

काहीच आलं नाही. डोळे उघडले, तर मिश्राजी पेन आपटून शाई उतरवत होते.

"हाँ, वो तो हमें मालूम है," ते म्हणाले. "परसों ही देख लिया था. हमारी श्रीमती जी को किसी ने भेजा."

"मालूम... है?"

"हमाए पास भी है," मुन्नालाल रजईआडून म्हणाला. "कल रात आ गओ. तब से सोच रए, भाऊसाहब से कैसे कहें."

"तो फिर अभी..." माझ्या तोंडून निघालं.

"मुझे तो चार जगह से आया," सक्सेना मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, चश्मा लावला आणि आवाज पूर्ण वाढवून व्हिडिओ सुरू केला. खोलीत माझा आवाज घुमला. पूर्वज, वास्तुपुरुष, झाशीची समस्त जनता. आणि मध्ये मध्ये, मागून, तळमळून, तीनदा रामचरणचा. 'भाऊसाहब, उतै नईं! उतै पाइप है!'

'रामचरन, शुभ काम में टोकते नहीं!'

धाड. सर्रर्रर्र. आणि मग मुक्ताचं खिदळणं.

रामचरण तोंडावर पंचा धरून बसला होता. मला वाटलं रडतोय. नीट बघितलं तर खांदे हसण्याने हलत होते.

"तो आप सबने मुझे यह भाषण क्यों देने दिया?" मी विचारलं.

"देखना था, देते हैं कि नहीं," मॅडम म्हणाल्या. वर्गात कोणी खिडकी फोडली हे ठाऊक असूनही त्या सगळ्या वर्गाला उभं करत असणार! मग त्या रामचरणकडे वळल्या. "और तुम. झूठ क्यों बोले?"

"मैडम, वे हमाए भाऊसाहब हैं," रामचरण म्हणाला. जणू यात समजवण्यासारखं काय आहे!

"झूठ के नंबर कटेंगे," मॅडम म्हणाल्या. "लेकिन जिस आदमी को दीवार के अंदर का पाइप बाहर से दिखता है, वह मुझे कॉलनी में चाहिए. पहली तारीख़ से आ जाना." आणि जाता जाता उंबऱ्यावर थांबून, "अकेले आना. समझे ना? उद्घाटन वग़ैरह कुछ नहीं!"

मिश्राजींनी फाइल मिटली. नुकसान मिस्त्रीच्या हातून झालेलं नाही, तेव्हा त्याच्या विम्यातून काही निघत नाही. घरमालकाच्या हातून झालंय, तर घराच्या विम्याचं बघावं लागेल. "आपके मकान की पॉलिसी तो होगी ही," ते फार आदराने म्हणाले. "आप तो ख़ुद एजेंट हैं."

मी छताकडे पाहिलं. सुलभा सगळ्यांना चहा देत होती. मुन्नालालला दिला. रामचरणला दिला. (त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि बशीत ओतून आवाज करत प्यायला. कानाला इतकं बरं वाटलं!) मग माझ्यासमोर कप ठेवत ती शांतपणे म्हणाली, "आपल्या घराला काय होतंय? तुम्ही आहात ना!"

मुन्नालालचा कापूस पुन्हा पिंजला गेला, नवं साटिन आलं, लग्नाआधी अकराच्या अकरा रजया पोचत्या झाल्या. सगळं माझ्या खिशातून. शिवाय पिंजणाऱ्यासमोर बसून मी दोन दिवस कापूस धरला, तेव्हा कुठे मुन्नालाल पुन्हा भाडं वेळेवर द्यायला लागला. घराचा विमाही काढला. आमची पहिल्या घावाची रीत मोडली मात्र नाही. आता तो मान सुलभाकडे आहे. ती हातोडी नुसती टेकवते, 'टुक' होतं, आणि ती बाजूला होते.

परवा रामचरण विम्याच्या नूतनीकरणाला आला. आता त्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि कॉलनीचं ओळखपत्र गळ्यात असतं. मी फॉर्म काढला, पेन उघडलं. त्याने ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं.

"लाओ, भाऊसाहब. ई बार हम भरेंगे. हमाई लिखावट अच्छी है."

खरोखरच सुंदर होती. मोत्यासारखं एकेक अक्षर. नाव, वय, कामाचा प्रकार. नवव्या रकान्यापाशी तो जरा थांबला. कामाच्या जागी आग, वीज, उंची यांखेरीज अन्य काही विशेष धोका आहे का? असल्यास तपशील द्या. रामचरणने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, जीभ दातांत धरली आणि ठळक, गोल, वळणदार अक्षरांत लिहिलं, 'भाऊसाहब.'

मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'उपरोक्त जानकारी मेरे समक्ष भरी गई एवं सत्य है' या ओळीपुढे एजंटची सही लागते. केली.